‘जादुई पिटाऱ्या’च्या आधी: भावनगर ते कोसबाड

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डे, तक्ते आणि गोष्टींची पुस्तके आहेत. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा हा पुढचा टप्पा. लहान मुलाला पाटी-पुस्तकाला जुंपण्याआधी हाताळू द्यावे, ऐकू द्यावे, गाऊ, नाचू आणि रेघोट्या मारू द्यावे, असे हा आराखडा सांगतो. बातम्यांत याचे बरेच अप्रूप झाले. महाराष्ट्रात मात्र हा विचार शंभर वर्षांचा होत आला आहे, आणि तो इथे गुजरातमधल्या भावनगरमार्गे आला.

मुळाशी अर्थात इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत जानेवारी १९०७ मध्ये त्यांनी पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडले. खाचांत बसवायचे लाकडी ठोकळे, एकावर एक रचायचा गुलाबी मनोरा, रंगांच्या पट्ट्या, बोट फिरवून ओळखायची खरखरीत कागदाची अक्षरे असे ते साहित्य. डोळा, कान आणि हात एकत्र कामाला लागले की अक्षर आणि अंक पक्के होतात, हा त्यामागचा विचार. व्यवसायाने वकील असलेल्या गिजुभाई बधेकांच्या वाचनात ही पद्धत आली ती स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची काळजी करताना. पुढे वकिली सोडून ते भावनगरच्या ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत गेले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झाले.

गिजुभाईंनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. लहान वयात परीकथा आणि कल्पनेतल्या गोष्टी मॉन्टेसरींना फारशा पसंत नव्हत्या. मुलाने आधी खरे जग हाताळावे, असे त्यांचे म्हणणे. गिजुभाईंनी मात्र बालमंदिरात गोष्ट, गाणे आणि नाटक यांना मानाचे पान दिले. लोककथा गोळा केल्या, मुलांसाठी नव्याने लिहिल्या. साधनाने इंद्रिये तयार होतात, पण मुलाला बोलते करते ती गोष्टच, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडच्या बालशिक्षणाला रोमपेक्षा वेगळी चव आली ती इथे, असे मला वाटते.

राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक १९२३ मध्ये गिजुभाईंच्या कामात आल्या. मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर, इंग्रजी वळणाच्या वातावरणात वावरलेल्या या बाईंनी प्रतिष्ठेची नोकरी सोडून ‘पोरे सांभाळायचे’ काम पत्करले, याची तेव्हा लोकांना गंमतच वाटली असणार. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघत होती. तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी सांभाळली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. पुढे मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतून ‘मॉन्टेसरी’ रुळली. खुद्द मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्यांच्या वर्गांतून बाहेर पडलेल्या शिक्षकांमुळे या लाटेला आणखी जोर आला.

इथवर सगळे शहरी आणि खर्चिक होते. मोजूनमापून बनवलेली लाकडी साधने, त्यांसाठी कपाटे, हवेशीर खोली, आणि वेळेवर नाहून-माखून, डबा घेऊन येणारे मूल. यातली एकही गोष्ट खेड्यात मिळण्याची शक्यता नव्हती.

१९४५ च्या अखेरीस ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघरमधल्या, बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या: मोरगावच्या, बालविधवा, नोकरी करत शिकलेल्या. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले आणि पेच लगेच समोर आला. बोलावूनही वाड्यापाड्यांवरची, विशेषतः दलित वस्तीतली मुले मध्यवर्ती बालवाडीत येईनात. मग बालवाडीच वस्तीत न्यायची ठरली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली वर्ग भरू लागला. या अंगणातल्या बालवाडीचे नाव पुढे देशभर गेले. दिवसाची सुरुवात नखे, केस आणि तोंड धुण्यापासून व्हायची, कारण तीही शिकवणीच होती.

साधनांचा प्रश्नही तिथेच सुटला. किनाऱ्यावर शिंपले, रानात बिया आणि पाने, वाटेवर खडे. लहान-मोठे लावणे, मोजणे, जोड्या जुळवणे, रंग ओळखणे हे सगळे त्यांवर होऊ शकत होते. महागड्या लाकडी संचाचे काम पदरात गोळा केलेल्या वस्तूंनी केले. मॉन्टेसरी पद्धतीतली मापांची अचूकता इथे गेली, हे खरे. एका साधनात एकच गुण बदलावा, हा तिथला नियम. शिंपला आकार, रंग आणि वजन सगळेच एकदम बदलून बसतो. कट्टर मॉन्टेसरीवाद्यांना ही तडजोड वाटेल. माझ्या मते तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध आहे, कारण त्यामुळे साधन संपले तर मूल स्वतःच जाऊन दुसरे आणू शकत होते.

१९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली पाडे. बोर्डीचे काम सुरू झाले त्याच १९४५ मध्ये या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. दारिद्र्य आणि सावकारी लगेच गेली नव्हती; सहा-सात वर्षांचे मूल गुरे राखायला जायचे. म्हणून कुरणशाळा निघाली: गुरे चरत असतील तिथे शिक्षक जाणार, शिकवणे त्या रानातच. दिवसा कामाला जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग.

एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. या पाड्यांवर अक्षर नव्हते, पण चित्र आणि गाणे होते. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचे चित्र, लिहितात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाऊन विधी लावते. एकच गोष्ट रेषेतून, आवाजातून आणि कृतीतून सांगितली जाते. अशा घरातल्या मुलाला फक्त ‘ऐका आणि लिहा’ म्हणणारी शाळा परकी वाटली, तर दोष मुलाचा कसा?

पुढच्या काळात याच कल्पनांना विद्यापीठांतून नवी नावे मिळाली. १९९६ मध्ये ‘न्यू लंडन ग्रुप’ या अभ्यासकांच्या गटाने साक्षरता म्हणजे फक्त लिपी नव्हे, चित्र, ध्वनी, हावभाव आणि अवकाश हेही अर्थ घडवतात, अशी मांडणी केली. याच सुमारास ‘कुणी पाहून शिकतो, कुणी ऐकून’ अशी मुलांची वर्गवारी करण्याची टूम निघाली. त्या वर्गवारीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असे २००८ च्या एका गाजलेल्या आढाव्यात दिसले. तरी आपल्याकडे शिक्षक-प्रशिक्षणात ती अजून चालते. बोर्डी-कोसबाडला असली विभागणी नव्हती. सगळ्या मुलांना सगळेच मिळायचे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पोषण आहार आणि लसीकरण यांचे काम तिने मोठे केले, त्यात वाद नाही. पण सेविकेचा दिवस आहार, वजनकाटा, नोंदवह्या आणि आता नोंदी भरायचे ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाइल अ‍ॅप यांत जातो. गाणी-गोष्टींना उरेल तो वेळ. त्यात आता पेटी आली आहे. आराखडा स्थानिक खेळणी आणि परिसरातल्या वस्तू वापरायला सांगतो, पण पिटारा तयार होऊन वरून येतो. हरवलेल्या तुकड्याचा हिशेब द्यावा लागेल या भीतीने तो कपाटात ठेवायचा, की त्यातले पाहून सेविकेने शेजारच्या ओढ्यावरून खडे आणायचे, हे तिच्या पर्यवेक्षिकेवर आणि तिला मिळणाऱ्या प्रशिक्षणाच्या दिवसांवर ठरेल.