वाचन-अडचणी आणि भाषाविज्ञान

वाचनात अडणाऱ्या विद्यार्थ्याची चूक ध्वनी, लिपी, शब्दघटना आणि अर्थ यांपैकी कोणत्या स्तरावर होते हे शोधून त्याच स्तरावर शिकवण्याची पद्धत. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाकलन हा शब्द उलगडणे (अक्षरांवरून शब्द वाचणे) आणि भाषा समजणे यांचा गुणाकार मानला, म्हणजे यांपैकी एक जरी कमी पडले तरी आकलन अडते. म्हणून आधी उतारा ऐकवून प्रश्न विचारावेत. ऐकून समजते पण वाचून समजत नाही, तर अडचण शब्द उलगडण्यात आहे. ऐकूनही समजत नसेल, तर नुसता अक्षरांचा सराव वाढवून उपयोग नाही. शब्दसंपत्ती आणि वाक्यरचना यांवर काम करावे लागते.

नंतर मूल वाचेल ते जसेच्या तसे टिपावे. ‘धार’चे ‘दार’ झाले, तर दोन्ही शब्द तोंडी म्हणून ‘सारखे की वेगळे?’ असे विचारावे. वेगळे ओळखले तर गोंधळ अक्षराचा. न ओळखल्यास महाप्राण (‘ध’ला ‘द’पासून वेगळा करणारा हवेचा झोत) कानालाच जाणवत नाही, तेव्हा आधी ऐकण्याचा सराव हवा. ‘घर’चे ‘धर’ ही बहुधा आकाराची गल्लत असते. अशी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत.

देवनागरीत डोळ्यांचा आणि उच्चाराचा क्रम नेहमी जुळत नाही. ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर होतो, ‘कर्म’मधला रफार ‘म’वर बसतो, पण ‘र’ त्याआधी येतो. ‘करवत’मध्ये अक्षरे चार, बोलताना मात्र ‘कर-वत’ असे दोनच अवयव (एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे). प्रत्येक अक्षर पूर्ण ‘अ’सह वाचणाऱ्या मुलाला ओळखीचा शब्दही ऐकू येत नाही, त्याला तो लगेच बोलण्याच्या वेगात म्हणायला लावावा. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन ‘च’ही स्पष्टपणे दाखवावे लागतात.

ध्वनी सुटे करण्यासाठी सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांच्या चौकटी उपयोगी पडतात. ‘पान’साठी तीन चौकटी आखायच्या, प्, आ, न् म्हणताना एकेक सोंगटी सरकवायची आणि मग शब्द लिहायचा. लिहिणे गाळू नये: ध्वनींचा सराव अक्षरांसोबत केल्यास अधिक फायदा होतो, असे अमेरिकेतील नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीच्या २००० सालच्या अहवालातही आढळले.

लांब शब्द प्रत्ययापाशी किंवा शब्दयोगी अव्ययापाशी तोडावेत: झाडा-खाली, पाण्या-त. ‘पाणी’चे ‘पाण्या-’ हे सामान्यरूप माहीत नसेल, तर मूल मूळ शब्दच ओळखत नाही.

पाठांतर किंवा चित्रावरून अंदाज हे वाचन वाटू शकते. ‘लोमक’, ‘टिबा’ असे निरर्थक शब्द दिले की फरक लगेच कळतो.