पावडर हिमासाठी फ्रीराइड स्नोबोर्डची निवड

यंत्राने दाबून सपाट न केलेल्या नैसर्गिक डोंगरउतारांवरून घसरत उतरण्यासाठी घडवलेल्या फळीला फ्रीराइड स्नोबोर्ड म्हणतात. अशा उतारांवर पडलेल्या ताज्या, कोरड्या, भुसभुशीत हिमाला जगभरचे स्नोबोर्डर पावडर म्हणतात. हे हिम गुडघाभर किंवा कमरेइतके साचले असेल, तर दाबलेल्या उतारावर उत्तम चालणारी फळीही त्यात तोंड खुपसून थांबते. म्हणून पावडरसाठी फळी घेताना मुख्यतः एकच गोष्ट पाहायची असते : चालवणाऱ्याच्या वजनाखाली फळीचे पुढचे टोक हिमावर राहते का, आणि ते वर ठेवण्यासाठी मागच्या पायाला किती राबावे लागते. लांबी, रुंदी, बाक आणि कडकपणा ही मापे या कसोटीवर तपासली, तरच त्यांना अर्थ येतो.

चिखलात पाऊल रुतते, पण चिखलावर फळी टाकली की माणूस पलीकडे जातो. हिमातही तेच घडते. ऐंशी किलो वजनाचा माणूस दोन बुटांवर उभा राहिला, तर दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १३० ग्रॅम भार येतो. १६० सेंटिमीटर लांबीच्या फळीवर तोच भार २० ग्रॅमच्या आसपास उतरतो. मात्र नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाचे वजन घनमीटरला बहुधा ५० ते १०० किलो, म्हणजे पाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे जागच्या जागी उभी असलेली फळी मोठी असूनही खचतेच. तिला खरे वर उचलतो तो वेग. इंजिनाची होडी वेग घेते तशी पुढचे टोक पाण्याबाहेर काढते. पावडरमधली फळीही वेग आला की पुढून उठते आणि हिमावर तरंगू लागते. नवशिके खोल हिमात सर्वांत जास्त अडकतात ते सौम्य उतारावर, भीतीने वेग कमी केल्यावर, त्याचे कारण हेच.

फळीच्या पुढच्या टोकाला नोज आणि मागच्याला टेल म्हणतात. पावडरच्या फळीचे नोज लांब, रुंद आणि वर वळलेले असते, तर टेल आखूड आणि निमुळते असते. नोज आणि टेल यांच्या रुंदीतील फरकाला टेपर म्हणतात. तो १० मिलिमीटर असला तरी पायाला जाणवतो. २० मिलिमीटरच्या पुढे गेला की फळी उघडपणे पावडरची होते. अरुंद टेल हिमात थोडे बुडते आणि नोज आपोआप उचलले जाते. पाय बांधायची बाइंडिंगही मध्यापासून काही सेंटिमीटर मागे सरकवलेली असतात. या दोन्ही गोष्टी नसलेल्या, दोन्हीकडून सारख्या आकाराच्या ट्विन फळीवर दिवसभर मागे रेलून उभे राहावे लागते. दुपारपर्यंत मागची मांडी पेटते, आणि थकलेल्या पायाची चूक खोल हिमात महागात पडते.

हा आकार लाटांवरच्या सर्फिंगमधून आला. १९६५ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातील शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की जोडून स्नर्फर हे खेळणे बनवले. स्नोबोर्डचा आधुनिक इतिहास बहुधा तिथून सांगितला जातो. पावडरच्या दृष्टीने मला त्याहून मोलाचे वाटते ते युटामधील दिमित्रिये मिलोविच यांचे काम. १९७०च्या दशकात त्यांनी विंटरस्टिक नावाने सर्फबोर्डच्या धर्तीवर फळ्या घडवल्या. त्यांतील एकीचे टेल पाकोळीच्या शेपटीसारखे दुभंगलेले होते. मधला भाग कापल्याने टेल बुडते, आणि उरलेली दोन टोके वळताना आधार देतात. पुढे मुद्दाम उभारलेल्या हिम-पार्कमधील उड्या आणि कसरती लोकप्रिय झाल्या, तसा बाजार ट्विन फळ्यांनी भरला. जपानमधील होक्काइदो बेटावरच्या निसेको येथे तारो तामाई यांनी जेंटेमस्टिक या नावाने सर्फिंगशी असलेला तो धागा पुन्हा पकडला. सैबेरियाचे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि होक्काइदोवर आठवडेच्या आठवडे हलके हिम पाडतात. असे हिम रोज मिळणाऱ्या माणसाने वळणाच्या लयीसाठी फळी घडवावी, हे साहजिक आहे. याउलट कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात समुद्राकडून येणारे ओले, जड हिम पडते. तिथले लोक त्याला सिएरा सिमेंट म्हणतात. त्यात फळी फारशी बुडत नाही, पण लवचिक नोज थरथरते. म्हणजे कोणते हिम, हे ठरल्याशिवाय कोणती फळी, हे ठरत नाही.

लांबीबाबत सर्वांत टिकाऊ गैरसमज उंचीचा आहे. फळी उभी धरली की ती हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी, हा जुना नियम अजून सांगितला जातो. हिमाला उंची कळत नाही, वजन कळते. म्हणून उत्पादकाने दिलेला वजनाचा तक्ता पाहावा, आणि वजन करावे ते बूट, जड कपडे, पाणी आणि बचावाचे साहित्य असलेल्या पाठपिशवीसह. सत्तर किलोचा माणूस डोंगरावर सहज ऐंशीचा होतो. पारंपरिक आकाराची फळी पावडरसाठी रोजच्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर लांब घेतात. अलीकडच्या आखूड-रुंद फळ्यांत हिशेब उलटा असतो : लांबीत गेलेले क्षेत्रफळ रुंदीत भरून काढलेले असते, म्हणून त्या नेहमीपेक्षा तितक्याच किंवा थोड्या अधिक आखूड घेतात. झाडांमधून झटपट वळायला त्या फार छान. मात्र मोकळ्या, वाऱ्याने टणक झालेल्या उतारावर त्यांची कड कमी लांबीवर पकडते आणि रुंदीमुळे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ लागतो. पाऊल लहान असलेल्यांना, त्यात बऱ्याच स्त्रियाही येतात, अती रुंद फळी उलटवताना घोटे दुखतात. पाऊल मोठे असेल तर अरुंद फळीबाहेर आलेला बूट टणक हिमात घासून माणसाला पाडतो.

बाकाचे दोन मूळ प्रकार आहेत. टेबलावर ठेवल्यावर मधोमध उचललेली राहते ती कॅम्बर, आणि टोके उचललेली राहतात ती रॉकर. पूर्ण कॅम्बर टणक हिमावर भरवशाची, पण पावडरमध्ये नोज खाली दाबते. पूर्ण रॉकर सहज तरंगते, पण टणक जागी सैल वाटते. फ्रीराइडसाठी नोजला रॉकर आणि पायाखाली कॅम्बर हा मेळ माझ्या मते निर्विवाद बरा. कडकपणातही असाच फरक हवा : नोज थोडे मऊ, टेल कडक. कंपन्यांनी छापलेले एक ते दहा असे कडकपणाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी असते.

भारतात या निवडीची खरी परीक्षा काश्मीरमधील गुलमर्गला होते. गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे, आणि २००५ साली सुरू झालेला गोंडोलाचा, म्हणजे दोरवाटेवरील पाळण्याचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली, इथल्या पीर पंजाल रांगेवर हिम टाकतात. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या चिल्लई कलानमध्ये थंडी सर्वांत कडक असते. एकाच उतरणीत माथ्यावर वाऱ्याने थापटलेले हिम, मधल्या घळींत खोल पावडर, पुढे भूर्ज, फर आणि पाइनची झाडे, आणि बाबा रेशी किंवा तंगमर्गकडे निघाल्यास शेवटी लांबच लांब सौम्य वाट लागते. ही शेवटची वाट फळी घेताना कोणी लक्षात घेत नाही. स्कीवाल्यांच्या हातात काठ्या असतात, ते ढकलत जातात. स्नोबोर्डर थांबला की कमरेपर्यंत रुततो. इथे थोडी लांब, टेल अगदी आखूड नसलेली आणि तळाला थंड हिमासाठीचे मेण ताजे लावलेली फळी माणसाला घरी आणते. फळी भाड्याने घेतली आणि ती ट्विन निघाली, तरी हरकत नाही. बाइंडिंगचे स्क्रू काढून दोन्ही बाइंडिंग एक-दोन भोके टेलकडे सरकवावीत. बहुतेक फळ्यांवर ही भोके दोन सेंटिमीटर अंतरावर असतात, आणि एवढ्यानेही मागच्या पायाचा भार स्पष्ट कमी होतो.

पावडर साचते तिथेच हिमस्खलनाचा धोका असतो. हिमाचे थर सुटतात ते बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, म्हणजे फ्रीराइड करणाऱ्यांना आवडतो नेमक्या त्याच उतारावर. फेब्रुवारी २०१०मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणारे सैनिक स्खलनात दगावले. स्कीचे बाइंडिंग पडल्यावर सुटते, स्नोबोर्डचे सुटत नाही. स्खलनात फळी नांगरासारखी खाली ओढते, आणि झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळ हिमात डोके खाली झाले तर एकट्याने बाहेर येता येत नाही. ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा, गाडल्या गेलेल्याचा ठाव देणारा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे, ते वापरण्याचा सराव हवा, आणि सोबती नजरेच्या टप्प्यात हवा. पैसे मोजकेच असतील तर फळी भाड्याची घ्यावी आणि आधी हे तीन जिन्नस विकत घ्यावेत.