लाउडन काउंटी : सरकारी शाळांच्या पटाची वांशिक रचना

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर टोकाला, वॉशिंग्टनच्या पश्चिमेस लाउडन काउंटी आहे. तेथील सरकारी शाळांचा पट सुमारे ८० हजारांचा. त्यात गोरी मुले आता निम्म्याहून कमी असून आशियाई सुमारे पाव, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेली) साधारण एक पंचमांश आणि कृष्णवर्णीय दहा टक्क्यांच्या आत आहेत. उरलेली बहुतेक मुले 'एकाहून अधिक वंश' या रकान्यात मोडतात. खासगी शाळेत जाणारी व घरीच शिकणारी मुले या हिशेबात येत नाहीत.

एकेकाळी इथे प्रश्न टक्क्यांचा नव्हताच, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळाच वेगळ्या होत्या. लीझबर्ग गावातील डग्लस हायस्कूलसाठी कृष्णवर्णीय पालकांनी वर्गणी काढून जमीन घेतली आणि ती एका डॉलरला शाळा मंडळाच्या हवाली केली. शाळा १९४१ मध्ये उघडली. सर्वोच्च न्यायालयाने विभक्त शाळा १९५४ मध्येच घटनाबाह्य ठरवल्या, तरी लाउडनमधील विभागणी १९६८ पर्यंत रेटली गेली, आणि तीही न्यायालयाने बडगा उगारला तेव्हा संपली. मंडळाने जाहीर माफी मागितली ती २०२० साली.

पट पालटला तो मात्र नोकऱ्यांमुळे. डलेस विमानतळाभोवती इंटरनेट कंपन्या व डेटा सेंटर उभी राहिली आणि १९९० मध्ये ८६ हजार असलेली लोकसंख्या २०२० मध्ये ४ लाख २१ हजारांवर गेली. अ‍ॅशबर्न, ब्रॅम्बल्टन, साउथ रायडिंग या नव्या वसाहतींत भारतीय अभियंत्यांची घरे झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

हे आकडे वाचताना प्रवेश अर्ज डोळ्यांसमोर हवा. २०१०-११ पासून पालकांना दोन प्रश्न विचारले जातात : मूल हिस्पॅनिक आहे का, आणि वंश कोणता. पहिल्याला 'हो' म्हटले की दुसऱ्यात काहीही लिहिले तरी अहवालात मूल हिस्पॅनिकच मोजले जाते. पालकांनी रकाने कोरे सोडले, तर शाळेतील कर्मचारी मुलाकडे बघून खूण करतो. संख्याशास्त्रात हे कसे खपते, हा प्रश्न पडावा! पुण्याहून आलेले, सोलहून आलेले आणि व्हिएतनामी निर्वासितांच्या घरातले मूल एकाच 'आशियाई' रकान्यात जाते. त्यामुळे या पाव हिश्श्यात भारतीय किती, हे त्या टक्केवारीवरून कळत नाही. गंमत म्हणजे १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत होत होती. 'एशियन इंडियन' हा पर्याय आला १९८० मध्ये.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत बदलण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार दोन्ही प्रश्न एक होतील, मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेसाठी स्वतंत्र गट असेल आणि 'आशियाई'खाली भारतीय, चिनी, फिलिपिनो असे पोटगटही सर्वसाधारणपणे विचारले जातील.