संभाव्यता आणि लाइकलिहूड: नळस्टॉपवरच्या रिक्षेचा हिशेब

रोजच्या बोलण्यात संभाव्यता आणि लाइकलिहूड या दोन्हीला आपण 'शक्यता'च म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. संख्याशास्त्रात हे दोन शब्द वेगळे आहेत. ही फारकत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९२१ मध्ये मांडली आणि १९२२ च्या निबंधात 'मॅक्सिमम लाइकलिहूड' (जिची लाइकलिहूड सर्वांत जास्त, ती किंमत निवडायची) ही पद्धत नावानिशी पुढे आणली.

समजा, पुण्यातल्या नळस्टॉपला उभं राहून रिकामी रिक्षा मिळेपर्यंतचा वेळ पाच वेळा मोजला: ४, ७, २, १२ आणि ५ मिनिटं. (रिकामी रिक्षा आणि 'येणारी' रिक्षा हा वेगळा विषय.) हा वेळ एक्स्पोनेन्शियल वितरण (थोडं थांबणं बऱ्याचदा, फार थांबणं क्वचित, असा साचा) पाळतो असं धरू.

आता सरासरी ६ मिनिटं आहे हे आधीच ठाऊक असेल, तर 'आज दहा मिनिटांहून जास्त थांबावं लागेल का?' या प्रश्नाचं उत्तर संभाव्यता देते: साधारण १९ टक्के. इथे सरासरी पक्की आहे, आकडे अजून यायचेत.

लाइकलिहूडमध्ये नेमकं उलटं. आकडे वहीत लिहून झालेत, ते हलत नाहीत. हलवायची ती सरासरी. प्रत्येक सरासरीला विचारायचं, 'तू खरी असतीस तर हे पाच आकडे कितपत सहज पडले असते?' प्रत्येक आकड्यासाठी वितरणाच्या सूत्रातून त्याची घनता (त्या आकड्याच्या आसपास शक्यता किती दाट आहे त्याचं माप) काढायची आणि पाचही घनता गुणायच्या. हजारो नोंदी असतील तर गुणाकार इतका बारीक होतो की संगणक थेट शून्य दाखवतो, म्हणून लॉग घेऊन बेरीज करतात. आपल्या आकड्यांना सरासरी ३ धरली तर बेरीज −१५.४९, १० धरली तर −१४.५१, ६ धरली तर −१३.९६. सर्वांत वरचा शेंडा ६ वर, म्हणजे साध्या सरासरीवरच (३० भागिले ५). एक्स्पोनेन्शियलमध्ये हे नेहमीच असं जुळतं.

आता लोक हमखास घसरतात ती जागा. ६ ची लाइकलिहूड १० च्या जवळजवळ पावणेदोन पट आहे, हे म्हणता येतं. 'सरासरी ६ असण्याची शक्यता पावणेदोन पट' हे मात्र नाही. सगळ्या सरासरींच्या लाइकलिहूड मिळून १ भरायलाच हव्यात, असा काही नियम नाही. एकेकटा आकडाही फारसा बोलका नसतो. तेच २ मिनिटं तासांत मोजा, सरासरी ०.१ तास ठेवा, आणि घनता येते ७ च्या वर! संभाव्यता १ च्या पुढे कधी जात नाही. एकक बदललं तरी टिकतं ते फक्त गुणोत्तर. सरासरीबद्दलच शक्यता बोलायची असेल, तर आकडे पाहण्याआधी तिच्याविषयी काय वाटत होतं ते मांडून बेजच्या मार्गाने (आधीचा अंदाज आकड्यांच्या आधारे सुधारत) जावं लागतं.

आणि याच आकड्यांना गॅमा वितरण (एक्स्पोनेन्शियलहून जास्त लवचीक साचा) बसवून 'लाइकलिहूड वाढली' म्हणून खूश होऊ नका. एक्स्पोनेन्शियल हा गॅमाचाच खास प्रकार आहे, त्यामुळे या शर्यतीत गॅमा कधी हरूच शकत नाही.