गारो टेकड्या

मेघालय राज्याचा पश्चिम भाग व्यापणारा डोंगराळ, अतिपावसाचा प्रदेश. गारो लोकांची मुख्य वस्ती. हे लोक स्वतःला आचिक म्हणवतात. प्रदेशाच्या उत्तरेस व पश्चिमेस आसाम, दक्षिणेस बांगलादेश आणि पूर्वेस खासी टेकड्या आहेत. पूर्वी सबंध प्रदेशाचा एकच जिल्हा होता, आता पाच आहेत. तुरा हे सर्वांत मोठे शहर.

‘मेघालय पाहिला’ म्हणणारे बहुतेक पर्यटक शिलाँग, चेरापुंजी आणि दावकी करून परतलेले असतात. गारो टेकड्या त्या वाटेवर येतच नाहीत. गुवाहाटीहून तुरा सुमारे २२० किमी. बरीचशी वाट आसामच्या सपाटीवरून जाते आणि शेवटच्या टप्प्यातच डोंगर लागतो. राजधानी शिलाँगला जायचे तरी तुऱ्याची माणसे वर्षानुवर्षे आसामातूनच वळसा घालत आली आहेत. २०१४ मध्ये मेंदीपाथर येथे मेघालयातले पहिले रेल्वे स्थानक सुरू झाले. तिथून पुढे शेअर सुमो किंवा बस. तुऱ्याजवळ बालजेकला विमानतळ बांधला गेला, पण त्याचा प्रवाशांना उपयोग झाला नाही. नागालँड किंवा मिझोरामसारखा इनर लाइन परवाना इथे लागत नाही.

बंगालच्या उपसागरावरून निघालेले ढग बांगलादेशाची सपाटी ओलांडून थेट या टेकड्यांच्या दक्षिण उतारावर आदळतात. कोकणात मृगाची वाट पाहावी लागते. इथे चैत्र-वैशाखातच वादळी सरी सुरू होतात आणि पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. जाता जाता तो दणकाही देतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये दालू व गासुआपारा भागात एकाएकी आलेल्या पुराने आणि दरडींनी माणसे दगावली, पूल व रस्ते तुटले. उंची मात्र बेताचीच आहे. सर्वोच्च शिखर नोक्रेक १,४१२ मीटर, आणि तुरा शहर तर त्याहून कितीतरी खाली. त्यामुळे महाबळेश्वरच्या गारव्याची अपेक्षा ठेवून गेलेल्याची निराशा होते. हवा उन्हाळ्यात दमट आणि घामट असते. हिंडायला नोव्हेंबर ते मार्च हे महिने बरे. हिवतापाचा हा जुना इलाखा आहे, तेव्हा मच्छरदाणी सामानात असावीच.

या प्रदेशात जमिनीची मालकी कोणाची, हे समजल्याशिवाय प्रवास नीट होत नाही. इथले बरेचसे जंगल वनखात्याचे नसून कुळांचे आहे. कुळाच्या ताब्यातील अशा भूभागाला आकिंग म्हणतात आणि त्याच्या प्रमुखाला नोकमा. ओढा, धबधबा, गुहा काहीही पाहायचे असले तरी आधी गावात जाऊन नोकमाला विचारणे ही तिथली रीत आहे. नोकमा पुरुष असतो, पण जमीन त्याची नसते. ती त्याच्या बायकोच्या कुळाची असते. गारो समाज मातृवंशीय आहे. संगमा, मराक, मोमिन ही कुळनावे मुलांना आईकडून मिळतात. घर व वारसा एका मुलीकडे, बहुधा धाकटीकडे, जातो; तिला नोकना म्हणतात. तिचा नवरा, म्हणजे नोक्रोम, शक्यतो तिचा आतेभाऊ असावा असा संकेत आहे. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातही अनेक जातींत चालते. फरक एवढाच, की गारो भाचा मामाची मुलगी घरी आणत नाही, तर स्वतःच मामाच्या घरी राहायला जातो आणि पुढे मामाचा कारभार सांभाळतो. घर बायकांचे आणि कारभार पुरुषांचा, अशी ही वाटणी आहे. तिला सरसकट ‘स्त्रीराज्य’ म्हणणारी प्रवासवर्णने अर्धेच सांगतात. गावच्या बैठकीत बोलणारे अजूनही बहुतांशी पुरुषच असतात.

परंपरागत शेती झूम, म्हणजे आपल्याकडची कुमरी. रान तोडून, वाळवून जाळायचे आणि पहिल्या पावसाआधी राखेत भात, मका, आले, कापूस, मिरची असे सगळे मिसळून पेरायचे. पीक तयार होऊ लागले की हत्ती येतात. म्हणून शेतातल्या उंच झाडावर बांबूची बोरांग बांधतात: खाली शिडी, वर पेंढ्याने शाकारलेली खोली आणि रात्रभर जागणारी माणसे. झूमची जागा आता सुपारी, रबर आणि काजू घेत आहेत. काजूच्या बागा पाहून कोकणी माणसाला ओळखीचे वाटेल.

नोक्रेक राखीव जीवावरण क्षेत्र १९८८ मध्ये जाहीर झाले आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. इथे मेमांग नारंग नावाचे रानटी लिंबूवर्गीय फळ सापडते. ते मृतात्म्यांचे संत्रे मानले जाते. पहाटे हुलॉक गिबन या शेपूट नसलेल्या वानराच्या हाका डोंगर दुमदुमवून टाकतात. तुऱ्याजवळच्या सेलबालग्रे गावाने त्याच्यासाठी स्वतःचे जंगल राखले आहे. दक्षिणेला सिमसांग नदीकाठी सिजूची चुनखडीची गुहा आहे. चार किलोमीटरहून लांब असलेली ही गुहा वटवाघळांनी भरलेली असून आतून ओढा वाहतो. पावसाळ्यात तिच्यात शिरू नये. स्टॅन्ली केंप व बी. चोप्रा या प्राणिशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये तिच्यातील जीवसृष्टी तपासली होती. बालपाक्रम हे सततच्या वाऱ्याचे पठार व खोल दरी आता राष्ट्रीय उद्यान आहे. मृतांचे आत्मे पुढच्या प्रवासाआधी तिथे मुक्काम करतात, ही गारो श्रद्धा ख्रिस्ती घरांतूनही ऐकायला मिळते.

१८६३ मध्ये ओमेद व रामखे हे पहिले गारो बाप्तिस्त झाले. आज बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. जुना सोंगसारेक धर्म पाळणारी गावे थोडी उरली आहेत. त्या धर्माचा सुगीचा सण वांगाला, मिसी सालजोंग या सूर्यदेवतेचे आभार मानण्यासाठी असतो. १९७६ पासून असनांग येथे शंभर ढोलांचा वांगाला भरतो, बहुधा नोव्हेंबरात. दामा हा लांबट ढोल गळ्यात अडकवून पुरुष आणि दाकमांदा हे कमरेभोवतीचे वस्त्र नेसलेल्या बायका रांगेत नाचतात. हा सोहळा देखणा आहे, पण मंचावरचा आहे. वांगालाचे विधी पाहायचे तर सोंगसारेक गावातच, तेही बोलावणे असेल तर जावे.

जेवणात भात आणि नाखम, म्हणजे सुकी मासळी, ठरलेली. कापा हा खार घालून शिजवलेला, तेल नसलेला मांसाचा रस्सा. मसाला जवळजवळ नाही, मिरची मात्र सढळ. सुकटीची सवय असलेल्याला नाखमचा वास खटकत नाही. तांदळाची दारू, म्हणजे चू, सोंगसारेक घरी पाहुण्याला दिली जाते. बाप्तिस्त चर्चला ती मान्य नाही, म्हणून ख्रिस्ती यजमानाकडे ती मागू नये. शुद्ध शाकाहारी माणसाने तुऱ्याबाहेर शिधा बरोबर ठेवावा. रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असते, दुकाने बंद आणि गाड्या कमी असतात; प्रवासाचे दिवस त्या हिशेबाने आखावेत.