कॅम्परव्हॅनने इराण–तुर्कस्तान सीमा ओलांडताना: कार्नेटचा अर्ज, कागदपत्रे आणि वाटेत सामान बिघडले तर

बाझरगान ही इराणची शेवटची चौकी. पलीकडे तुर्कस्तानचे गुर्बुलाक, आणि नजरेसमोर 5,137 मीटर उंचीचा अरारात. भारतातून युरोपकडे रस्त्याने निघालेल्या गाड्या अनेकदा याच वाटेने जातात. कॅम्परव्हॅनवाले, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी घेऊन निघणारे, हीटर, बॅटरी, पाण्याचा पंप यांची तयारी मन लावून करतात, पण त्या वस्तूंची कागदावर नोंद करायला विसरतात. म्हणून हा लेख.

कार्नेट म्हणजे काय?

गाडीचा पासपोर्टच म्हणा ना. तुम्ही गाडी त्या देशात विकणार नाही, परत बाहेर नेणार, याची ही हमी. गाडी बाहेर गेल्याची नोंद झाली नाही, तर तिथला आयात कर तुमच्या हमीतून वसूल होतो. इराणला कार्नेट लागतेच. त्याची मुदत एक वर्ष असते आणि ते 5, 10 किंवा 25 पानांचे मिळते. एका देशातल्या एका मुक्कामाला एक पान लागते.

कोणाला मिळते, कुठे मिळते?

कार्नेट आरटीओ देत नाही, ऑटोमोबाइल असोसिएशन देतात. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे चौकशी करावी. गाडी भारतात नोंदलेली आणि अर्जदाराच्या नावावर हवी. कर्जाची गाडी असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आधीच घ्या. दुसरे कोणी चालवणार असेल तर अधिकारपत्र लागेल.

सोबत जोडायचे: आरसी, पासपोर्ट, विमा, गाडीच्या किमतीचा पुरावा आणि बँक हमी. हमीची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही कोणत्या देशांतून जाणार यावर ठरते. तिची जुळवाजुळव करण्यातच सर्वांत जास्त वेळ जातो, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

साधी व्हॅन घेऊन आत पलंग-ओटा बसवला असेल, तर तो बदल आरटीओकडून आरसीवर चढवलेला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये हे येते. आरसीवर मालवाहू गाडी आणि आत स्वयंपाकघर, असा फरक परदेशी अधिकाऱ्याला समजावत बसणे फार अवघड.

गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना वेगळा. त्यासाठी सारथी या सरकारी वाहन परवाना पोर्टलवर नमुना 4-अ भरायचा. तोही वर्षभरच चालतो. रस्त्याने जाणाऱ्याला इराणचा व्हिसा आधी काढावा लागतो. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची इराणविषयीची ताजी सूचना वाचा, आणि ती जाऊ नका म्हणत असेल तर जाऊ नका.

सामानाची नोंद

कार्नेटवर चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, रंग, आसने, रेडिओ, जादा टायर यांचे रकाने असतात. शेवटी ‘इतर तपशील’ असा एक रकाना आहे. कॅम्परव्हॅनसाठी तोच सगळ्यात मोलाचा. फ्रिज, डिझेल हीटर, इन्व्हर्टर, सोलर पॅनेल, जादा बॅटरी या सगळ्यांची मॉडेल व अनुक्रमांकासह यादी असोसिएशनला द्या आणि ती नोंदवून घ्या. वाटेतला काही टप्पा गाडी जहाजाने जाणार असेल, तर भरलेले गॅस सिलिंडर जहाजावर घेत नाहीत, ते यादीत घालू नका.

वाटेत बिघाड झाला तर

समजा इराणमधल्या तब्रीझ शहराच्या थंडीत हीटर बंद पडला. दुरुस्ती झाली तर प्रश्नच नाही, पावती जपून ठेवा. सुटा भाग भारतातून मागवावा लागला तर खासगी गाड्यांच्या तात्पुरत्या आयातीविषयीचा 1954 चा आंतरराष्ट्रीय करार उपयोगी पडतो. आधीच तात्पुरत्या आणलेल्या ठरावीक गाडीच्या दुरुस्तीसाठी येणारे भाग त्यात करमुक्त धरले आहेत. मात्र काढलेला जुना भाग परत न्यावा लागतो, किंवा कस्टम्सच्या संमतीने त्यांच्याकडे सोडावा किंवा त्यांच्यासमोर नष्ट करावा लागतो. तो गॅरेजच्या कोपऱ्यात टाकून निघू नका.

इंजिनच बदलावे लागले तर काम खरोखर गंभीर होते, कारण क्रमांक जुळत नाही. अशा वेळी सीमेकडे निघण्याआधी असोसिएशनला कळवा आणि कार्नेटवरची दुरुस्ती कशी करायची ते लेखी घ्या. दुरुस्तीत मुदत संपायला आली तर मुदतवाढही संपण्याआधीच मागायची असते. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली, तर त्याचा अधिकृत दाखला घेतल्याशिवाय देश सोडू नका.

बाझरगानला

प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. प्रवेशाच्या वेळी तळचा भाग फाडून घेतात, बाहेर पडताना मधला, आणि वरचा तुमच्याकडे राहतो. त्या वरच्या भागावर प्रवेशाचा आणि निर्गमनाचा, असे दोन्ही शिक्के पडले का, ते खिडकीसमोर उभे राहूनच पाहा. तुर्कस्तान कार्नेटचा आग्रह धरत नाही, म्हणून पुढे जायच्या घाईत इराणचा शिक्का राहून जाण्याची भीती इथे जास्त. राहिलाच, तर गाडी इराणबाहेर आहे असा दाखला पुढच्या देशाच्या कस्टम्सकडून किंवा भारतीय दूतावासाकडून मिळवावा लागतो.

रांगेत इंजिन बंद असताना फ्रिज आणि हीटर मुख्य बॅटरीवर चालवू नका.

गाडी भारतात परतली की बंदरावर कस्टम्सची नोंद करून घ्या आणि कार्नेट असोसिएशनला परत करा. सगळ्या पानांची तपासणी झाल्यावर बँक हमी मोकळी होते.