पीएम स्वनिधीचं लोन हवंय? आधी बँकेत नको, नगरपंचायतीत जा

मालवण, वेंगुर्ला, दापोली, गुहागर, कुठेही बघा, शहाळी, भजी नाहीतर सुके बांगडे विकणारा माणूस लोन म्हटलं की थेट बँकेत जातो, तिथे कागद विचारले की परत येतो आणि सगळ्यांना सांगतो योजना खोटी आहे. खोटी नाहीये हो. पीएम स्वनिधी म्हणजे रस्त्यावर धंदा करणाऱ्यांना कर्ज देणारी केंद्राची योजना, जून २०२० पासूनची, पैसे बँक देते, पण तुम्ही खरंच रस्त्यावर धंदा करता हे लिहून देणार नगरपरिषद किंवा नगरपंचायत. दिल्लीला काय माहीत बंदरावर कोण बसतं ते!

नगरपरिषदेच्या फेरीवाल्यांच्या सर्व्हेत नाव असेल तर विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र मिळतं, मग काम सोपं. नाव नसेल तर शिफारसपत्र, ज्याला सगळे एलओआर म्हणतात. घर ग्रामपंचायतीत आणि धंदा शहरात अशी कोकणात कितीतरी माणसं, म्हणजे देवबागहून पाटी घेऊन मालवणच्या बाजारात बसणारी बाई, तर तिलाही मिळतं, पण पत्र मालवण नगरपरिषदेचं लागतं, गावच्या सरपंचाचं चालत नाही.

एलओआरसाठी साध्या कागदावर अर्ज करा, कुठे बसता, काय विकता, कधीपासून, एवढं लिहा. फेरीवाला संघटनेचं सभासदत्व किंवा जुन्या कर्जाचे कागद असले तर जोडा, नसले तर ऑफिसचा माणूस जागेवर चौकशी करतो. पंधरा दिवसांत निकाल लागायला हवा, म्हणून अर्जाच्या झेरॉक्सवर तारखेसकट पोच घ्याच, तोंडी "बघतो" वर घरी येऊ नका. आणि नगरसेवकाचं लेटरहेड म्हणजे एलओआर नव्हे! नगरसेवकाचा उपयोग वेगळा, सर्व्हे रखडला असेल तर त्याच्या मागे लागा. शहरातल्या फेरीवाल्यांचे प्रश्न बघणाऱ्या पथविक्रेता समितीत तर निदान ४० टक्के सभासद विक्रेतेच असायला हवेत, तिथे आपलं कोण आहे तेही विचारून ठेवा.

बाकी कागद फार नाहीत. आधार, मतदार कार्ड, बँक पासबुक. मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो आणि गाडं नेमकं इथेच अडतं. मग अर्ज योजनेच्या पोर्टलवर स्वतः भरा किंवा सीएससी सेंटरवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात.

केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या निर्णयानंतर पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,००० आणि मग ५०,०००, तारण काही नाही. हप्ते वेळेवर भरले तर ७ टक्के व्याज सवलत खात्यात येते. योजनेतून कर्ज मिळण्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवलीय, तरी पावसात धंदा थंड असतो तेव्हाच कागद उरकून घ्या, गणपती जवळ आले की ऑफिसात कोणी जागेवर सापडत नाही.